वैशाखातलं ऊन आणि लॉगचा निर्णय

खान्देशात लग्नाचा हंगाम आणि उन्हाचा कडाका एकत्रच येतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला भिडतो, अमळनेर-पारोळ्याकडेही फार वेगळं नसतं, आणि त्याच दिवसांत तिथीमागून तिथी लग्नं लागतात. मांडवाच्या दारात व्याहीभेट चालू असते. समोर शेतकरी माणसं. डोक्यावर परीटघडीची पांढरी टोपी, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि टोपीखाली आयुष्यभर कपाशीत राबून रापलेला चेहरा. सूर्य माथ्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणींत सावली पडलेली. एका बाजूला उन्हाने पेटलेला रस्ता, दुसऱ्या बाजूला काळोख वाटावा इतकी मांडवातली सावली. कॅमेरामनला हे सगळं एका चौकटीत बसवायचं असतं आणि तेही एकाच वेळी, कारण व्याही दुसऱ्यांदा गळाभेट घेत नाहीत.

चेहरा दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की टोपी आणि सदरा ओव्हर जातात, घडी नाही, कापडाचा पोत नाही, नुसता पांढरा डाग. टोपी सांभाळली की चेहरा काळाठिक्कर. या पेचावरचं एक उत्तर गेल्या काही वर्षांत लॉग प्रोफाइलच्या रूपाने कॅमेऱ्याच्या मेनूतच मिळू लागलं आहे, आणि नव्याने धंद्यात आलेली पोरं सारखी विचारत असतात, ‘दादा, लॉगमा काढू का साधं काढू?’ पुस्तिकेतलं हे प्रकरण त्या एका प्रश्नासाठी लिहिलं आहे.

मी कॅमेऱ्यामागचा कमी आणि एडिटिंगच्या टेबलावरचा जास्त. अमळनेर, चोपडा, धरणगाव, शिरपूर, शिंदखेडा इकडची कार्डं माझ्यासमोर उघडतात आणि त्यांत जे आहे आणि जे नाही, ते मला सर्वांत आधी दिसतं. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लॉगचा निर्णय शेवटच्या टोकाकडून मागे येत घ्यावा. हे फुटेज कोण रंगवणार, कोणत्या कॉम्प्युटरवर, किती दिवसांत, आणि घरचे लोक ते कशावर पाहणार, याची उत्तरं आधी हवीत. लॉगमध्ये काढणं म्हणजे ‘हे काम मी पुढे पूर्ण करीन’ असं वचन देणं आहे. वचन पाळणारा माणूस साखळीत असेल तर खान्देशातल्या उन्हाला लॉगइतकं दुसरं काही मानवत नाही. तो नसेल तर कॅमेरा लाखांचा असला तरी साधं प्रोफाइल बरं.

लॉगभोवती गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून त्याचं गणित थोडं सावकाश सांगतो. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ मोजतो. प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट. प्रकाश दुप्पट होण्याला आपण एक स्टॉप म्हणतो. आता १२-बिटच्या मोजणीत ४,०९६ पायऱ्या आहेत असं धरा. त्यातल्या वरच्या निम्म्या, म्हणजे २,०४८ पायऱ्या, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपने खाल्ल्या. त्याखालच्या स्टॉपला १,०२४, त्याखाली ५१२, आणि असं उतरत उतरत सावलीतल्या स्टॉपपर्यंत पोचेतो हातात मोजक्याच पायऱ्या उरतात. माणसाचा डोळा असा बघत नाही. अंधाऱ्या खोलीत दुसरी पणती लावली तर आपल्याला फरक जाणवतो, भर उन्हात लावली तर जाणवतही नाही. लॉग वक्ररेषा हीच उधळपट्टी थांबवते आणि प्रत्येक स्टॉपला जवळपास सारख्या पायऱ्या वाटून देते. सोनीच्या एस-लॉग-३मध्ये १०-बिट नोंद असेल तर एका स्टॉपच्या वाट्याला सुमारे ७८ पायऱ्या येतात. म्हणूनच लॉगचं चित्र स्क्रीनवर धुकट, राखेसारखं दिसतं. काळं पुरतं काळं नाही, पांढरं पुरतं पांढरं नाही. ते पाहण्यासाठी काढलेलंच नसतं. पुढे कुणीतरी त्यातून चित्र घडवेल, या भरवशावर ते काढलेलं असतं.

हा विचार डिजिटलवाल्यांनी शोधलेला नाही. फिल्मवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचं नातं हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९०मध्ये मांडलं, तेव्हा त्यांनी आडव्या अक्षावर प्रकाशाचा लॉगच घेतला होता. कोडॅकने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेऑन ही यंत्रणा आणली. सिनेमाची निगेटिव्ह स्कॅन करून तिची घनता १०-बिट लॉगमध्ये साठवायची, कॉम्प्युटरवर काम करायचं आणि परत फिल्मवर उतरवायचं, अशी तिची रीत. आजच्या सगळ्या लॉग प्रोफाइलांचं मूळ तिथे आहे. ॲरीचा लॉग-सी, सोनीचा एस-लॉग, कॅननचा सी-लॉग, पॅनासॉनिकचा व्ही-लॉग, डीजेआयचा डी-लॉग, आणि सप्टेंबर २०२३मध्ये आयफोन १५ प्रोबरोबर आलेला ॲपल लॉग, ही सगळी त्याच घराण्यातली.

निगेटिव्ह म्हटलं की खान्देशातल्या माणसाला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवायला हवेत. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर ते दशकानुदशकं क्वचितच पडले, आणि आत बसून टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंची अशी छायाचित्रं काढत राहिले की पाहणाऱ्याला तो खराखुरा देखावा वाटावा. त्या काळातल्या कुठल्याही छायाचित्रकाराप्रमाणे त्यांच्या हातात निगेटिव्ह होती आणि निगेटिव्ह म्हणजे अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं डार्करूममध्ये, आपल्याच हाताने. मूस यांच्या चित्रांतल्या सावल्या पाहिल्या की मला पटतं, निगेटिव्ह काढणारा आणि प्रिंट काढणारा एकाच विचाराचा असला तरच अशी सावली उतरते. आपल्याकडे लॉगच्या कामाची गाडी अडते ती नेमकी इथे. काढणारा एक, रंगवणारा दुसरा, आणि दोघांची गाठ फक्त पेनड्राइव्ह देता-घेताना.

आता परत मांडवाच्या दारात येऊ. उघड्यावर भरदुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो. जाड कापडाच्या मांडवात, आत खोलवर, तो हजाराच्या आसपास येतो. फरक शंभरपट, म्हणजे साधारण साडेसहा स्टॉप. टीव्हीसाठी १९९०मध्ये ठरलेल्या रेक. ७०९ या मानकात मध्यम राखाडीच्या वर जेमतेम अडीच स्टॉपची जागा आहे. कॅमेरा कंपन्या वक्ररेषेचं वरचं टोक वाकवून ती थोडी वाढवतात, पण तेवढ्याने पांढऱ्या सदऱ्यावरचं ऊन सामावत नाही. चांगल्या सेन्सरवर एस-लॉग-३मध्ये हीच जागा सहा स्टॉपच्या आसपास जाते. रापलेला चेहरा आणि उन्हातली टोपी दोन्ही जिवंत ठेवायला तेवढी जागा पुरते. त्यामुळे लॉग म्हणजे फॅशन आहे, ती मुंबईवाल्यांची थेरं आहेत, असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. कमी उजेडाच्या, ढगाळ देशातल्यापेक्षा त्याची गरज तापीकाठी जास्त आहे.

यातच त्वचेच्या रंगाचा विषय येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओत माणसं गोरी करण्याची वाईट खोड पडली आहे. नवरी सावळी असली की एडिटर ब्राइटनेस चढवतो, मग नाकाचा शेंडा, कपाळ, हळद लागलेले गाल सगळं एकाच पिवळट पांढऱ्या रंगात विरघळतं. साध्या प्रोफाइलमध्ये चेहरा मुळातच एक-दीड स्टॉप खाली बसलेला असला की उचलताना हेच होतं, कारण कॅमेऱ्याने सावलीतली माहिती आधीच दाबून टाकलेली असते. नीट एक्स्पोज केलेल्या लॉगमध्ये सावळा रंग त्याच्या तांबूस, तेजदार छटांसकट हातात येतो. तो सावळाच ठेवून उजळ करता येतो. आपल्या माणसांचे चेहरे आपल्या माणसांसारखे दिसावेत, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा लॉग शिकावा, असं मी प्रत्येक कॅमेरामनला सांगतो.

हे सगळं ‘नीट एक्स्पोज केलेल्या’ या शब्दांवर टांगलेलं आहे, आणि खान्देशातल्या उन्हात ते शब्द महाग पडतात. कसे, ते आकड्यांतच पाहा. लॉगमध्ये बहुतेक कॅमेरे कमी आयएसओवर जाऊच देत नाहीत. सोनीच्या ए-७ थ्रीवर एस-लॉगचा किमान आयएसओ ८०० आहे. उन्हाचा जुना नियम असा की आयएसओ १०० आणि शटर १/१०० असताना ॲपर्चर एफ-१६ लागतं. आपण २५ फ्रेमला शटर १/५० ठेवतो, म्हणजे एफ-२२. आयएसओ ८०० म्हणजे आणखी तीन स्टॉप, म्हणजे एफ-६४. असं ॲपर्चर आपल्या लेन्सवर नसतं. आणि मागचं मांडवतोरण धूसर करायचं म्हणून आपल्याला हवं असतं एफ-२.८. मधलं अंतर नऊ स्टॉपचं. ते भरून काढायला उजेड अडवणारा एनडी फिल्टर हवा, तोही सहा ते नऊ स्टॉपचा. बाजारात जास्त खपणारा दोन ते पाच स्टॉपवाला इथे अपुरा पडतो. स्वस्त व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवला की चित्रात काळी फुली उमटते आणि त्वचेवर हिरवट किंवा तपकिरी झाक चढते. ती झाक रंगवताना काढणं हे वेगळंच जिकिरीचं काम आहे.

फिल्टर नसलेला माणूस मग काय करतो? शटर दोन हजारावर नेतो. चेहरे ठीक येतात, पण वरातीतली पोरं नाचताना हातपाय तुटक तुटक दिसू लागतात, ढोलाची टिपरी हवेत जागच्या जागी गोठते. म्हणून माझा सरळ सल्ला आहे. चांगला एनडी नसेल तर उन्हात लॉग लावू नका. कॅमेरा बदलण्याआधी फिल्टर घ्या. या पुस्तिकेत फिल्टरवरचं प्रकरण लॉगच्या प्रकरणाआधी आलं आहे, ते मुद्दामच.

बिटचा प्रश्न तितकाच अवघड. लग्नाच्या धंद्यात आजही अनेक कॅमेरे ८-बिट नोंद करणारे आहेत. १०-बिटमध्ये १,०२४ पायऱ्या असतात, ८-बिटमध्ये २५६. एस-लॉग-३चा तो ७८ पायऱ्यांचा स्टॉप इथे सुमारे वीस पायऱ्यांवर येतो. वीस पायऱ्यांना ताणून पूर्ण चित्र करायचं म्हटलं की वैशाखातल्या कोऱ्या निळ्या आभाळात पट्टे उमटतात, आणि गालावरून कानाकडे जाणारी नाजूक सावली पायरी-पायरीने उतरते. व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ आणखी आवळला गेला की ते पट्टे ठसठशीत होतात. ८-बिट कॅमेऱ्यावर लॉग लावायचाच असेल तर एस-लॉग-३पेक्षा एस-लॉग-२ थोडा सुसह्य आहे, आणि सोनीचं सिने-४ किंवा पॅनासॉनिकचं सिनेलाइक-डी त्याहून शहाणपणाचं. सोनीने व्हेनिस या सिनेमाच्या कॅमेऱ्यावरून खाली आणलेलं एस-सिनेटोन तर आपल्या कामाला इतकं बेतशीर आहे की ज्यांच्या कॅमेऱ्यात ते आहे त्यांनी लग्नाच्या दहातल्या आठ प्रसंगांना दुसरं काही लावू नये, असं माझं मत आहे. उजेड थोडा मऊपणे वळतो, त्वचा सांभाळली जाते आणि संध्याकाळी कार्ड उघडलं की चित्र जवळजवळ तयार असतं.

एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. लॉग म्हणजे रॉ नव्हे. व्हाइट बॅलन्स नोंदीतच बसलेला असतो. हळदीच्या मांडवात पिवळ्या कापडातून ऊन झिरपतं, अंगाला हळद, भोवती झेंडू, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दर मिनिटाला आपलं मत बदलतो. ‘लॉग आहे, पुढे होऊन जाईल’ म्हणत तो तसाच सोडला की एका नवरीचे पाच रंग टेबलावर येतात. प्रकाश मोजून केल्व्हिन पक्का करायचा आणि जागा बदलली तरच बदलायचा. साध्या प्रोफाइललाही हाच नियम लागू आहे, पण लॉगमध्ये स्क्रीनवरचं चित्र मुळातच फिकट असल्याने चूक उन्हात डोळ्यांना दिसत नाही. फोकसचंही तेच. मॉनिटरवर लट लावून, म्हणजे रूपांतराचा तक्ता फक्त पाहण्यापुरता चढवून, काम करावं. एक्स्पोजर मात्र डोळ्यांवर न सोडता झेब्रा किंवा वेव्हफॉर्मवर ठरवावं. एस-लॉग-३मध्ये मध्यम राखाडी ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ टक्क्यांवर बसतो. हे दोन आकडे पाठ असले की भर उन्हातही हात डगमगत नाही. सावलीत नॉईज येऊ नये म्हणून एखादा स्टॉप वर काढण्याची चाल चांगली आहे, फक्त सदऱ्यावर नजर ठेवून.

रात्रीचा विषय वेगळा. गोरज मुहूर्त टळून गेला, वरात निघाली, बँडच्या गाडीवर निळे-जांभळे एलईडी. इथे अडचण उजेडाच्या उंचीपेक्षा रंगाच्या तीव्रतेची असते. निळ्या पार लाइटखाली साध्या प्रोफाइलमधला चेहरा निळ्या रंगाचा सपाट पुठ्ठा होतो. लॉगबरोबर येणारं रुंद रंगक्षेत्र तो रंग जरा जास्त पेलतं. पण आयएसओ ८००च्या सावलीतून चेहरे उचलायचे तर नॉईज उसळतो. ज्यांच्या कॅमेऱ्याला दुसरा मूळ आयएसओ आहे, उदाहरणार्थ सोनीच्या एफएक्स-३चा १२,८०० किंवा एफएक्स-३०चा २,५००, त्यांनी रात्री तिकडे उडी मारावी, मधल्या आकड्यांवर रेंगाळू नये. ज्यांना ती सोय नाही त्यांनी वरातीत लॉग बंद करावा. एकाच लग्नात दिवसा लॉग आणि रात्री साधं प्रोफाइल वापरण्यात काही कमीपणा नाही.

साखळीचं दुसरं टोक आता पाहू, कारण कामं फसतात ती बहुतेक तिथे. ५० फ्रेमचं फोरके, १०-बिट ४:२:२, सेकंदाला २०० मेगाबिट, म्हणजे तासाला ९० जीबी. दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी चार तास रेकॉर्ड केले तर ७२० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची म्हणजे दीड टीबीच्या जवळ. हे फुटेज सामान्य कॉम्प्युटरवर अडखळत चालतं, प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवाव्या लागतात, त्याला रात्र जाते. खान्देशातल्या कितीतरी एडिटरांचे हात एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसलेले आहेत, त्यांचा वेग अफाट आहे, पण तो वेग तयार रंगाच्या फुटेजचा आहे. शिवाय घरच्यांना दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामसाठी रील हवी असते. नवरी माहेरी परत येण्याआधी. अशा वेळी घाईत इंटरनेटवरून उतरवलेली एखादी ‘सिनेमॅटिक’ लट सगळ्यावर पसरली जाते. सावल्या हिरव्या-निळ्या, माणसं नारिंगी. हळद नारिंगी, कुंकू नारिंगी, आंब्याची पानं निळी. जे टिपायला लॉग लावला होता तेच यात बुडतं. दुसऱ्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली लट आपल्या फुटेजवर चढवली की याहून वाईट होतं.

मांडवात एलईडी वॉल असेल, मिक्सरवर थेट फीड जात असेल, तर निर्णय झालेलाच आहे. अमळनेरला २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तशा मोठ्या समारंभात, जिथे मागच्या रांगेतला माणूस पडद्यावरच वक्ता पाहतो, तिथे राखेरी चित्राला जागाच नाही. दोन-तीन गावांतून भाड्याने आलेले कॅमेरामन असतील, एकाकडे सोनी, दुसऱ्याकडे कॅनन, तिसऱ्याकडे जुना हँडीकॅम, तर सगळ्यांनी साधं प्रोफाइल, एकच केल्व्हिन, एकच शटर ठरवून घ्यावं. एकट्याने लॉग लावणारा बाकी दोघांच्या कामाची किंमत कमी करतो.

फोनबद्दल थोडंच. आयफोन १५ प्रोवर लॉग आला तेव्हा फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात तो प्रोरेसबरोबरच मिळत होता, आणि फोरके प्रोरेसचं एक मिनिट सुमारे ६ जीबी घेतं. २५६ जीबीचा फोन चाळीस-एक मिनिटांत भरतो. ब्लॅकमॅजिकच्या मोफत कॅमेरा ॲपमधून एचईव्हीसीमध्ये लॉग नोंदवता येतो, तो मार्ग परवडणारा आहे. ड्रोनमध्ये डीजेआयच्या मिनी ४ प्रोपासून छोट्या आकारातही १०-बिट डी-लॉग-एम आला आहे, आणि तापीच्या पात्रावरचं दुपारचं आभाळ सांभाळायला तो खरोखर कामी येतो.

मग लॉग कुठे लावावा? माझं उत्तर असं की जिथे वेळ आपला असतो तिथे. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ हे त्याचं सर्वांत चांगलं ठिकाण. यूट्यूबवर या गाण्यांना खान्देशाबाहेरही, सुरत-पुण्यात कामाला गेलेल्या आपल्या माणसांत, मोठा प्रेक्षक आहे. शूटिंग एखाद्या दिवसात उरकतं, पण रंगवायला आठवडा मिळू शकतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत आत हिरवी सावली आणि पानांच्या फटीतून पांढरं ऊन, वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या कापसाचं रान, बोरी नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू. या तिन्ही जागी साधं प्रोफाइल हार मानतं. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि एडिटर एका गावात बसून काम करतात, तेव्हा मूस यांच्या डार्करूममध्ये एकाच माणसाला जे जमायचं ते तिघांना मिळून जमवता येतं. धुळ्यापलीकडच्या मालेगावात शेख नासिर यांनी लग्नाच्या शूटिंगचा व्हीएचएस कॅमेरा घेऊन २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ बनवला, तेव्हा प्रोफाइल निवडायची सोयच नव्हती. तरी ती मंडळी काम शेवटपर्यंत नेत होती आणि गावाला दाखवत होती. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की शेवटची प्रत कशी दिसणार हे काढतानाच डोक्यात असावं. दुसरं उदाहरण जवळचंच. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. त्यांच्या ‘श्यामची आई’वर सुजय डहाके यांनी २०२३मध्ये केलेला चित्रपट कृष्णधवल आहे. रंग वजा करायचा हा निर्णय शेवटी बटण दाबून घेता येत नाही. कपडे, भिंती, उजेड सगळं त्या हिशोबाने लावावं लागतं. लॉगचंही असंच आहे.

उलट श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाई ही देवी बसते. बाहेर ढगाळ मऊ उजेड असतो, आत दिव्यांच्या माळा. बाहेरच्या अशा उजेडात उन्हाळ्यातला तो शंभरपट फरक नसतो. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बाया नाचत विसर्जनाला निघतात तेव्हा साधं प्रोफाइल आणि नेमका केल्व्हिन एवढ्यावर सुरेख चित्र येतं. ढगाळ दिवशी लॉग लावला तर कमी कॉन्ट्रास्टचं दृश्य आणखी कमी पायऱ्यांत दाबलं जातं, आणि पुढे ते ताणताना नॉईजच ताणला जातो.

वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. बोरीच्या पात्रात यात्रा भरते. वहीगायन या लोकप्रकाराचे जुने गायक अजून थोडे उरले आहेत. या गोष्टींचं चित्रण लग्नासारखं दोन-चार वर्षांत कपाटात जाणारं नसावं. इथे शक्य असेल तेव्हा १०-बिट लॉगमध्ये काढा असं मी आग्रहाने सांगेन, कारण पुढच्या पिढीकडे आपल्याहून चांगले पडदे असतील आणि त्यांना जास्तीचा उजेड लागेल. पण नुसत्या लॉग फाइली देऊन टाकू नका. हार्ड डिस्कवर राखेरी फाइली पाहून घरचे लोक ‘रंग उडाला’ म्हणून त्या पुसून टाकतील, ही भीती खरी आहे. रंगवून पूर्ण केलेली रेक. ७०९ची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये द्या आणि तिचं नाव मराठीत, सगळ्यांना कळेल असं लिहा. मूळ लॉग फाइलींच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तीत कॅमेऱ्याचं मॉडेल, प्रोफाइलचं आणि रंगक्षेत्राचं नाव, आयएसओ, केल्व्हिन, किती स्टॉप वर काढलं, कोणती लट चढवली, गायकाचं आणि गावाचं नाव, तिथी आणि तारीख असावी. तिची एक छापील प्रत डिस्कच्या डबीतही घालावी.